बारा खिडक्यांचा माळा

आमच्या गावात त्या इमारतीला सगळे 'बारा खिडक्या' म्हणतात. उजवीकडे सहा, डावीकडे सहा. मोजायला सोप्या, पुसायला अवघड. त्या पुसायचं काम माझ्या मावशीचं, आणि तिच्याआधी ते माझ्या आजीचं होतं. आजीच्या आधी ज्या माणसाचं होतं, तो एका सकाळी किल्ली आजीच्या हातात ठेवून पायऱ्या उतरला, तो पुन्हा काही चढला नाही.

इमारत मुळात यहुद्यांचं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर. एकशे चाळीस वर्षं तिथं प्रार्थना झाली. मग ती माणसं गेली. कशी गेली, हे गावात कुणी विचारत नाही. विचारलंच तर 'निघून गेली' म्हणतात. पाहुण्यांनी हात धुवावेत, चपला शोधाव्यात आणि येतो म्हणून निघावं, तशी.

रिकामी जागा आमच्या गावाच्या डोळ्यांत सलते. आधी तिथं धान्याचं गोदाम झालं. मग टॉकीज आली. वरच्या बायकांच्या सज्जाला भोक पाडून तिथून सिनेमाचा झोत सोडायचे, आणि जिथं पोथ्यांचं कपाट होतं तिथं पडदा लावला होता. मग व्यायामशाळा झाली. खांबांवर अजून खडूच्या भुकटीचे पंजे आहेत. मग वाहन परवान्याचं कार्यालय आलं, त्यांनी जमिनीवर रांगेसाठी पिवळे पट्टे ओढले. तेही नव्या इमारतीत गेलं, त्याला आता अठरा वर्षं झाली. दरवेळी दारावरची पाटी बदलली. आत झाडू मात्र तोच फिरत राहिला, आधी आजीच्या हातात, मग मावशीच्या. झाडताना मावशी स्वतःशीच गुणगुणते:

झाडते मी उंबरा, झाडते मी पायरी
लिहिलेलं नाही झाडत, त्याला देते ओसरी

हे गाणं तिचं तिनंच जुळवलेलं, आणि त्यातली दुसरी ओळ म्हणजे त्या घराचा नियम. तो जुना राखणदार जाताना आजीला म्हणाला होता, "लिहिलेला कागद केरात टाकायचा नाही, बाई. वर माळ्यावर ठेवायचा. माळा भरला की मातीत द्यायचा, माणसाला देतात तसा. आमच्यातलं कोणीतरी येईल." त्याला म्हणायचं होतं ते त्यांच्या पोथ्यांबद्दल. देवाचं नाव असलेला कागद कितीही फाटला तरी फेकायचा नाही, पुरायचा, अशी त्यांची रीत. पण माझ्या आजीला अक्षर आणि मुंगी सारखीच दिसायची. कुठल्या कागदावर देव बसलाय आणि कुठल्यावर नाही, हे तिनं कसं ओळखायचं? म्हणून तिनं सगळेच कागद वाचवले. गोदामाच्या पोत्यांवरच्या चिठ्ठ्या, टॉकीजची फाडलेली तिकिटं, पहिलवानांचे वजनाचे तक्ते, पुढे मावशीच्या हातून परवान्याच्या परीक्षेचे पेपर, सगळं शिडीवरून वर गेलं. मावशी चौथी शिकलेली आहे. रोज वर्तमानपत्र वाचते आणि त्यातल्या चुका मोठ्यानं काढते. तरी तिनंही नियम तसाच चालू ठेवला.

तर अशा या घरात एक दिवस वारसा शिरला.

झालं असं, की बाहेरगावचा कुणी फिरस्ता आला, त्यानं खिडक्यांचे फोटो काढले आणि कुठंतरी छापले. एखाद्याला डॉक्टरनं सांगावं की तुमच्या पोटात खडा आहे, तसं गावाला कळलं की आपल्याकडे वारसा आहे. इतके दिवस होता आणि पत्ता नव्हता. कळल्यापासून मात्र कुणाला स्वस्थ बसवेना. नगरपालिकेनं वारसा समिती नेमली. अध्यक्ष झाले फरशीशेठ. गावातल्या निम्म्या घरांच्या जमिनी त्यांच्या दुकानातून आलेल्या, त्यामुळे पायाखालचं सगळं आपलंच, अशी त्यांची चाल. त्यांच्या मदतीला नगरपालिकेच्या संस्कृती अधिकारी मॅडम.

इमारत 'मूळ स्वरूपात' आणायची, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. मूळ स्वरूप कोणतं, यावर पुढच्या सात बैठका झाल्या. टॉकीजचा जुना ऑपरेटर म्हणाला, अख्खं गाव जिथं रडलं ते मूळ. जुने पहिलवान म्हणाले, जिथं गावानं छाती कमावली ते मूळ. फरशीशेठ म्हणाले, खालच्या फरशा बदलल्या की कुठलंही स्वरूप खुलून दिसतं. शेवटी ठरलं की आत कॉफीचं दुकान आणि एक सभागृह करायचं, आणि बाहेर पाटी लावायची. पाटीचा मजकूर मॅडमनी पायरीवर उभं राहून मावशीला वाचून दाखवला.

"सदर वास्तू प्रारंभी काही काळ धार्मिक प्रयोजनार्थ वापरात होती. तदनंतर अन्नसुरक्षा, मनोरंजन, बलोपासना व वाहतूक शिस्त या क्षेत्रांत वास्तूने मोलाचे योगदान दिले."

मावशीनं झाडू टेकवला. "काही काळ म्हणजे किती हो, मॅडम?"

"एकशे चाळीस वर्षं."

"आणि ती वाहतूक शिस्त?"

"सहा."

"बरं."

"पाटीवर जागा कमी आहे, मावशी," मॅडम जरा ओशाळून म्हणाल्या. "आणि सगळ्यांनाच आपापलं नाव हवंय."

एवढ्यात फरशीशेठ मान वर करून छताकडे बघत आत आले. सज्जाच्या वर, कोपऱ्यात, माळ्याची चौकोनी झडप दिसते. "वर काय आहे?"

"कागद," मावशी म्हणाली.

"कसले?"

"लिहिलेले."

"ते काढून टाका. तिथं एसीचं मशीन बसणार आहे. रविवारी उद्घाटन. गुरुवारी भंगारवाला गाडी घेऊन येईल."

"ते भंगारात जायचे नाहीत. मातीत जायचेत. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"माझ्या आईला. तिनं त्या राखणदाराला दिला होता."

"आई गेली ना तुमची? आणि तो राखणदार?"

"तोही गेलाच असणार."

"मग मिटलं की!"

"माणसं गेली हो शेठ. शब्द माझ्याकडे आहे ना, कमरेला. किल्लीच्या शेजारी."

फरशीशेठ हसले, पण फार वेळ नाही. "मावशी, जिन्याखालची तुमची खोलीसुद्धा समितीच्या ताब्यात आलीय आता. मी काही बोलत नाही. तुम्ही समजूतदार आहात."

ते गेल्यावर मावशीनं राहिलेल्या पायऱ्या झाडल्या, खोलीला कुलूप लावलं आणि माझ्या घरी आली. चहा पुढे ठेवला तरी तिनं कप हातात घेतला नाही. "चल," म्हणाली, "घड्याळकाकांकडे जाऊ. त्यांच्यातलं कोणीतरी येईल म्हणून सत्तर वर्षं झाली. आता आपणच जाऊन आणू."

घड्याळकाका म्हणजे आमच्या गावातले शेवटचे यहुदी. दुकान एका दाराच्या रुंदीचं. आत दोन माणसं शिरली तर तिसऱ्यानं श्वास बाहेरच सोडून यायचा. भिंतीवर वीसेक घड्याळं, आणि प्रत्येकात वेगळी वेळ. काकांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि स्टुलावरचा डबा उचलून मावशीला जागा केली.

"भाऊ, माळा भरलाय," मावशी म्हणाली.

"ताई, तो तीस वर्षांपूर्वीच भरत आला होता. तुमच्या आई येऊन सांगून गेल्या होत्या, याच स्टुलावर बसून." त्यांनी एक बारकासा स्क्रू चिमट्यात धरला, पुन्हा खाली ठेवला. "मी म्हटलं, आमच्यातले आणखी कोणी येतील, मग बघू. मग म्हटलं, आले तर नाहीत कोणी. मग म्हटलं, आता मी एकटा काय करणार."

"आणि आता?"

"आता मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. आता एकटा असण्याचेही फार दिवस उरले नाहीत."

"गुरुवारी भंगाराची गाडी येतेय," मी म्हणाले.

काकांनी भिंतीकडे पाहिलं. एवढ्या घड्याळांतून कुठल्या घड्याळाला विचारावं, असं. मग खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. "त्यांचं दफन करायला परवानगी लागेल. आमची दफनभूमी बस डेपोच्या मागे आहे, पण कुलूप नगरपालिकेचं. कुठला विभाग बघतो ते?"

मावशीनं माझ्याकडे बोट केलं. मी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात कारकून आहे. खिडकी क्रमांक चार.

दुसऱ्या दिवशी काका रीतसर नंबर घेऊन रांगेत उभे राहिले. मी लहानपणी त्यांच्या दुकानातून पट्टा नसलेली घड्याळं खेळायला आणायची, पण खिडकीतून दोघंही अनोळखी झालो. खिडकीचा तसा गुणच आहे. मी दफन परवान्याचा अर्ज पुढे ओढला.

"मयताचं नाव?"

"लिही, कागद."

"काका, पूर्ण नाव लागतं."

"लिहिलेला कागद."

"वय?"

"तळाचा दोनशेच्या पुढे. वरचा अठरा."

"मृत्यूचं कारण?"

काका जरा विचारात पडले. मागच्या माणसानं घसा खाकरला. "वापर," काका म्हणाले. "वापरून वापरून."

अर्ज घेऊन मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांच्या टेबलावर दोन्ही बाजूंना फायलींचे बुरूज आहेत. मधल्या फटीतून त्यांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला.

"कागद? अहो, कागद कधी मरतात का? तीस वर्षं मी या खुर्चीत आहे. माझ्यासमोर एकही मेलेला नाही!"

"त्यांच्या धर्मात तशी रीत आहे, सर."

"रीत असेल. दाखला कुठाय? डॉक्टरनं तपासलं का? उद्या हा कागद जिवंत निघाला तर जबाबदार कोण?" त्यांनी लाल शाईनं अर्जावर शेरा मारला: मयत प्रत्यक्ष सादर करावे.

बुधवार संपला.

गुरुवारी सकाळी भंगारवाल्याची गाडी बारा खिडक्यांसमोर उभी राहिली. भंगारवाला तिच्यावर बसून दात कोरत होता. मी रजा टाकून आले होते. मावशी झडपेखाली शिडी लावून, पदर खोचून, शिडीच्या खालच्या पायरीवर चक्क बसली होती. आता वर जायचं तर तिच्या डोक्यावरूनच जावं लागलं असतं.

मॅडमनी मधला मार्ग आणला होता. "आपण वर्गीकरण करू या. जे पवित्र असेल ते काचेच्या पेटीत ठेवू, लोकांना बघायला. बाकीचं गाडीत. घड्याळकाका वेगळं करून देतील. तुम्हाला वाचता येतं ना, काका?"

"अडखळत," काका म्हणाले.

"अडखळत चालेल, पण लवकर," फरशीशेठ म्हणाले.

मावशी काकांच्या तोंडाकडे बघत राहिली. काकांनी मान हलवली, तेव्हा ती उठली, वर चढली, झडप उघडली. सत्तर वर्षांची धूळ आधी खाली उतरली. बारा खिडक्यांतून उन्हाचे बारा पट्टे आत येत होते, ते सगळे एकदम दिसायला लागले. फरशीशेठ शिंकले. मग मावशी गठ्ठे खाली देऊ लागली आणि मी ते जमिनीवर, पिवळ्या पट्ट्यांच्या मधे, मांडत गेले.

जे शेवटी वर गेलं ते आधी खाली आलं. परवान्याच्या परीक्षेचे पेपर. वरच्याच गठ्ठ्यातला एक मॅडमनी उचलला आणि त्यांना हसू आवरेना. "प्रश्न: लाल दिवा दिसल्यास काय करावे? उत्तर: थोडे थांबून, कोणी नसल्यास जावे." त्यांनी नाव बघितलं आणि हसू गिळलं. गावातल्या प्रत्येक चौकात 'नियम पाळा, अपघात टाळा' असा फलक आहे आणि त्यावर फरशीशेठांचा हात जोडलेला फोटो आहे. त्याच नावाचे नापासाचे पाच पेपर निघाले, पाचही लागोपाठच्या महिन्यांतले.

"ते... तेव्हा प्रश्नपत्रिकाच चुकीची होती," फरशीशेठ म्हणाले. "ते आधी गाडीत टाका."

"थांबा," मावशी वरून ओरडली. "वर्गीकरण व्हायचंय."

मग व्यायामशाळेचे तक्ते आले, मग टॉकीजची तिकिटं. काही तिकिटांच्या पाठीवर चिठ्ठ्या लिहिलेल्या होत्या. एकीवर: 'मधल्या सुट्टीत डाव्या दाराशी ये.' वर एका बाईचं नाव, खाली सही मॅडमच्या वडिलांची. ते इतके कडक शाळातपासनीस की ते गेल्यालाही आता बारा वर्षं झाली तरी मॅडम अजून पाठ सरळ ठेवून बसतात. मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हे आईचं नाव नाही," त्या हळूच म्हणाल्या, आणि चिठ्ठी ज्या गठ्ठ्यातून काढली होती त्यातच, अगदी खाली, परत सरकवली.

दुपारपर्यंत तळ लागला. तळाचे कागद ओल लागून एकमेकांना चिकटले होते, जाड, पिवळे, वडीसारखे. काकांनी त्यातला एक मांडीवर घेतला, डोळ्याला भिंग लावलं. एका बाजूला त्यांची अक्षरं होती, उजवीकडून डावीकडे जाणारी, काळीभोर. काकांचे ओठ हलले. मग त्यांनी कागद उलटा केला. मागच्या बाजूला दुसराच कागद चिकटला होता, आपल्या लिपीतला. तो वाचताना ते अडखळले नाहीत.

"'गोदाम अधिकारी यांस. मालक निघून गेल्याने बेवारस झालेल्या सामानापैकी शिसवी लाकडाचे कोरीव पाठीचे आठ फुटी बाक अर्जदारास बसण्यासाठी मिळावे. अर्जदार गरजू आहे.'" खाली सही होती. काकांनी ती मोठ्यानं वाचली नाही. कागद फक्त फरशीशेठांच्या बाजूला वळवला.

फरशीशेठांच्या घराच्या व्हरांड्यात आठ फुटी शिसवी बाक आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यांच्या दुकानाच्या कॅलेंडरवर दरवर्षी त्याच बाकावर बसून त्यांचा फोटो असतो. खाली छापलेलं असतं: चार पिढ्यांची परंपरा.

"वडिलांची सही आहे," फरशीशेठ म्हणाले. आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "पण आम्हाला तर सांगितलं होतं, पणजोबांनी करवून घेतलं म्हणून."

तो एकच अर्ज नव्हता. खाली चाळीसेक होते. कुणाला झुंबर हवं होतं, कुणाला दाराची जोडी, कुणाला पोथ्यांचं कपाट 'भांडी ठेवण्यासाठी'. सगळे गरजू. गावातलं एक आडनाव सुटलं नव्हतं. माझ्या आजीनं, जिला अक्षर आणि मुंगी सारखी, तिनं ते सगळे एकेक करून उचलून, झटकून, देवाचं नाव असेल म्हणून वर ठेवले होते.

मॅडमनी दोन-तीन अर्ज नावांसकट मोठ्यानं वाचले आणि पालथे घातले. दाराशी भंगारवाला दात कोरायचा थांबला होता. त्यालाही बहुतेक आपलं आडनाव ऐकू आलं असावं.

"हे जाळून..." फरशीशेठांनी सुरुवात केली.

"मातीत," मावशी शिडीवरून म्हणाली.

"मातीत, मातीत! मी कुठं नाही म्हणतोय? खोल. चांगले सहा फूट. उद्याच्या उद्या." त्यांनी तिथूनच आमच्या विभागप्रमुखांना फोन लावला. "हो, मयत आहेत. मी स्वतः बघितलेत. अहो, समोर पडलेत! हो, सगळेच्या सगळे गेलेले आहेत." मॅडमनी तिथल्या तिथं ठराव लिहिला. वारसा समितीच्या इतिहासातला हा पहिला एकमतानं झालेला ठराव.

"पण पवित्र कुठले ते वेगळे करायचे होते ना?" मीच विचारलं. कारकुनाची सवय.

काकांनी नखानं त्या चिकटलेल्या कागदाचा कोपरा उचकून बघितला. "सुटत नाहीत," ते म्हणाले. "ओढले तर दोन्ही फाटतील. सगळे एकत्रच जाऊ देत." मग जरा थांबून, चष्मा पुसत, कुणाकडेच न बघता म्हणाले, "आमच्यात खांद्यावरून नेतात. माझा एक खांदा पुरायचा नाही. आणि ठेवायलाही काहीतरी लागेल. लांबसं."

"माझा टेम्पो आहे ना!" फरशीशेठ म्हणाले. "फरशीचा. मजबूत."

"टेम्पो नको. आठ फुटी काहीतरी असलं तर बरं."

फरशीशेठांनी मान खाली घालून पायाखालच्या फरशीकडे बघितलं. कबुतरं तेवढी बोलत होती.

"सकाळी पाठवतो," फरशीशेठ म्हणाले.

सगळे गेल्यावर मावशीनं काकांना पाणी दिलं. "भाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

"त्यांच्याकडचं भिंतीवरचं घड्याळ वर्षातून एकदा बंद पडतं. मला बोलावतात, त्याच बाकावर बसवतात, चहा देतात. माणसं चांगली आहेत." त्यांनी पेला खाली ठेवला. "बाकाच्या उजव्या टोकाला, हाताखाली, एक खाच आहे. ती माझ्या वडिलांच्या नखाची. प्रार्थना लांबली की ते कुरतडत बसायचे. मी दरवर्षी चहा पिताना तिथं बोट ठेवतो. झालं."

"आणि कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं, ताई? ते म्हणाले असते, कागद दाखवा."

शुक्रवारी सकाळी बाक आलं. मावशीनं आपली धुतलेली चादर त्यावर अंथरली, पोती ठेवली, दोरीनं बांधली. खांदा द्यायला पुढे फरशीशेठ आणि टॉकीजचा ऑपरेटर, मागे भंगारवाला आणि आमचे विभागप्रमुख. मयत प्रत्यक्ष बघायला ते स्वतः आले होते. काका पुढे चालत होते. त्यांच्या मागे मावशी, किल्ल्यांचा जुडगा वाजवत.

रस्त्यात कुणी विचारलं, "कोण गेलं?" की उत्तर मिळायचं, "कागद गेले." एका रात्रीत गावभर झालं होतं की माळ्यावर काय काय होतं. त्यामुळे आमच्या गावानं पाहिली नव्हती एवढी गर्दी त्या अंत्ययात्रेला झाली. दुकानं अर्धी बंद करून माणसं आली. अर्जदारांची मुलं आली, नातवंडं आली. नापास झालेले आले, चिठ्ठ्या लिहिलेले आले, काठी टेकत, नातींचे हात धरून. सगळ्यांचे चेहरे इतके गंभीर की परक्याला वाटावं, केवढी ही माया. खड्ड्याशी रेटारेटी झाली. जो तो वाकून खात्री करत होता, आपला कागद नक्की खाली गेला ना.

काकांना जी प्रार्थना येत होती ती त्यांनी म्हटली. मधे विसरले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. त्यांच्यासोबत म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा ते त्याच जागी अडले, तेव्हा मावशी पुढे जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिला त्यातला एक शब्द येत नव्हता. पण काका पुढे गेले.

शेवटी तो चिकटलेला कागद काकांच्या हातात उरला होता. फरशीशेठ जवळ आले. "तेवढा एक मला द्या," ते हळूच म्हणाले. "घरी... मुलांना..." वाक्य त्यांनाच पुरं करता आलं नाही. दाखवायचा होता की लपवायचा, कुणास ठाऊक. बहुतेक त्यांनाही नसावं.

"लिहिलेला आहे ना?" काका म्हणाले. "मग मातीत." त्यांनी वाकून तो सगळ्यांच्या वर ठेवला. पहिली मूठ मावशीला टाकायला लावली.

परतताना खरी गंमत झाली. बाक रिकामं झालं होतं, तरी चौघांनी ते सवयीनं खांद्यावरच घेतलं. चौकात आल्यावर फरशीशेठ आपल्या घराकडे वळायला लागले. मावशी वळली नाही. ती किल्ल्या वाजवत सरळ निघाली. मागचे दोघं किल्ल्यांच्या आवाजामागे चालायला आदल्या तासाभरात शिकले होते. बाक एकदा डावीकडे ओढलं गेलं, एकदा उजवीकडे. मग फरशीशेठांच्या खांद्यानं काय ठरवलं ते ठरवलं, आणि बाक बारा खिडक्यांच्या पायऱ्या चढलं.

आत, पिवळ्या पट्ट्यांच्या खाली, जुन्या फरशीवर फिकट चौकोन आहेत. ओळीनं, चार-चार. मी लहानपणी त्यांवर लंगडी खेळायची. मावशी त्यातल्या उजवीकडच्या खिडकीजवळच्या चार चौकोनांपाशी जाऊन उभी राहिली. "इथं."

चारही पाय बरोबर बसले.

रविवारी उद्घाटन झालं. पाटीवर 'काही काळ'च राहिला. पाटी आधीच रंगवून झाली होती. फरशीशेठांनी भाषणात सांगितलं की, चार पिढ्या जपलेलं हे बाक आमच्या घराण्यातर्फे वास्तूला सप्रेम भेट. टाळ्या पडल्या. ते बोलत होते तेव्हा काका बाकाच्या उजव्या टोकाला बसले होते, उजवा हात खाली सोडून.

मी शनिवारी आमच्या रजिस्टरात नोंद करून टाकली होती. नाव: लिहिलेले कागद. वय: मिश्र. कारण: वापर. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'बाक परत आले. मूळ अर्ज मयतासोबत.' विभागप्रमुखांनी न वाचता सही केली. आमच्या विभागातलं रजिस्टर कधीच फेकत नाहीत, हा आमचाही नियम आहे.

कार्यक्रम संपल्यावर जमिनीवर निमंत्रणपत्रिकांचा सडा पडला होता. वर माळ्यावर मशीन घुरघुरत होतं. मावशी वाकून वाकून एकेक पत्रिका उचलत होती, कोपरे सरळ करून पदरात टाकत होती. काका बाकावरून तिच्याकडे बघत होते.

"ताई, एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "तुमच्या आईंना त्या राखणदारानं नीट सांगितलं नसावं. सगळे कागद ठेवायचे नसतात. देवाचं नाव असेल तेवढेच."

"मला माहीत आहे, भाऊ."

"माहीत आहे? कधीपासून?"

"आई गेली त्या वर्षापासून. तुमच्याच कुणाच्या पुस्तकात वाचलं होतं."

"मग? ही तर पत्रिका आहे, उद्घाटनाची. तुम्हाला वाचता येतं. बघा, कुठं आहे यावर त्याचं नाव?"

मावशीनं पत्रिका हातभर लांब धरून वाचली. वरपासून खालपर्यंत, समितीच्या सतरा नावांसकट. मग ती पदरात टाकली.

"चौथीच शिकलेय मी," ती म्हणाली. "तेवढ्यावर कसं सांगू, नाही म्हणून?"

आणि माळ्यावर आता मशीन होतं, म्हणून पत्रिका ठेवायला जिन्याखालच्या खोलीतून तिनं आपली पत्र्याची पेटी बाहेर ओढली. काकांनी बाकावर जरा सरकून तिला जागा केली.